गुरगुरण्याच्या आधी

कुत्रं गुरगुरलं की प्रत्येकाकडे उपाय तयार असतो. तांबी आमच्या घरात आली त्या पावसाळ्यात मी ते सगळे ऐकले. नाकावर टिचकी मारा. वर्तमानपत्राची सुरळी उगारा. आधी तुम्ही जेवा, मग तिला घाला, म्हणजे घरात मोठं कोण ते तिला कळेल. सांगणारी माणसं तांबीवर जीव लावणारीच होती, त्यामुळे कुणाचा राग आला नाही. पण सगळ्यांचा रोख ते गुरगुरणं बंद कसं करायचं याच्यावर होता. ती कशासाठी गुरगुरते हे विचारायला कुणी थांबत नव्हतं, आणि मला तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

तांबी गल्लीतलीच. साताऱ्यात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी चिकनचं दुकान आहे, तिथल्या कुत्रीच्या वेतातलं हे शेवटचं जगलेलं पिल्लू. बाकीची एकेक करून गाड्यांखाली नाहीतर आजारात गेली. हे आमच्याच कोपऱ्यावरचं दुर्दैव नाही. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत प्रा. अनिंदिता भद्र यांचा गट मोकाट कुत्र्यांचा अभ्यास करतो. त्यांनी ३६४ पिल्लांचा माग ठेवला होता. त्यांतली जेमतेम १९ टक्के सात महिन्यांची होईपर्यंत तगली, आणि मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त पिल्लांच्या मरणाला माणूस या ना त्या प्रकारे कारणीभूत होता. तांबीला आम्ही घरात घेतलं तेव्हा ती साधारण त्याच वयाची असावी. म्हणजे जग कसं आहे याबद्दलची तिची बरीचशी मतं आमच्याकडे येण्याआधीच बनली होती. पिल्लाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यादरम्यान जे भेटतं ते त्याला आपलं वाटू लागतं, हे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत अनेक वर्षांच्या प्रयोगांतून दाखवून दिलं. तांबीचे ते आठवडे हातगाडीखाली गेले होते. माणसाचा पाय म्हणजे लाथ आणि खाली वाकलेला माणूस म्हणजे दगड, हे तिचं शिक्षण तिथंच पुरं झालं.

गुरगुरण्याच्या जागा ठरलेल्या होत्या. गळ्याजवळ हात गेला की, जेवताना कुणी जवळून गेलं की, हेल्मेट घातलेला माणूस दारात आला की, आणि जिन्यावर गॅसच्या टाकीचा खणखणाट झाला की.

आधी डॉक्टरांकडे नेलं. आमचे डॉक्टर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, कमी बोलणारे. म्हणाले, "वागण्याचं नंतर बघू. हिला कुठं दुखतंय का ते आधी बघू." त्यांनी तिला टेबलावर न घेता जमिनीवरच तपासलं, स्वतः तिच्या बाजूला मांडी घालून बसले. डाव्या कानाच्या आत, अगदी वळणापाशी, दोन गोचिडी फुगून बसल्या होत्या. कान लालभडक, आतून आंबूस वास. मानेला हात लावला की ती का गुरगुरायची याचा अर्धा उलगडा तिथंच झाला. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठातले प्राध्यापक डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली मांडलंय की वागणुकीच्या तक्रारीसाठी तज्ज्ञांकडे आणलेल्या कुत्र्यांपैकी, अगदी हात राखून धरलं तरी, एक तृतीयांशांमध्ये कुठलं तरी दुखणं असतं. म्हणून कुत्रं बदललं, चिडकं झालं अशी तक्रार कुणी सांगितली की मी पहिल्यांदा दात, कान आणि सांधे तपासून घ्या म्हणते. ठणकणाऱ्या कानाला शिस्त लावता येत नाही.

कानात घालायला थेंब दिले. ते घालणं हे पुढे एक वेगळंच प्रकरण झालं, त्याबद्दल नंतर.

दरम्यान कुत्र्यांच्या वर्तनाचा एक ऑनलाइन कोर्स मी सुरू केला होता. रात्री जेवणं आटोपल्यावर तास असायचा. पहिला गृहपाठ ऐकून अनेकांना तो अगदीच किरकोळ वाटला: आपल्या कुत्र्याकडे दहा मिनिटं बघा आणि दिसलं ते लिहा. अट एकच. "घाबरली", "चिडली", "लाडात आली", "हट्ट करते" असले शब्द वापरायचे नाहीत. शरीराचा कुठला भाग कुठून कुठे गेला, एवढंच. भावना लिहिली की वहीवर लाल रेघ.

हे करून बघा, फार अवघड आहे. आपण कुत्र्याकडे बघतच नाही, त्याच्याबद्दल मनात ठरलेलं वाचत असतो. मी मोबाइल पुस्तकांच्या फळीवर टेकवून चित्रण करायचे आणि नंतर वेग कमी करून बघायचे. वहीतलं एक टिपण इथं जसंच्या तसं देते. नवरा सोफ्यावरून उठून तिच्या अंथरुणाजवळून गेला, तेव्हाचं हे:

"तोंड उघडं होतं, मिटलं. कान मागे, डोक्याला चिकटले. मान उजवीकडे वळली, डोळे मात्र त्याच्यावरच. डोळ्याच्या कडेला पांढरं दिसलं. जिभेचं टोक नाकाला लागून आत गेलं. अंग थांबलं, शेपटीसकट. गुरगुर."

नेहमीच्या वेगात हे सगळं उरकायला श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नव्हता. आम्हाला आजवर त्यातला फक्त शेवटचा शब्द ऐकू येत होता. त्याच्याआधी तिनं पाच-सहा गोष्टी सांगून झालेल्या होत्या, एकामागून एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडी ठसठशीत. आणि आमच्याकडून एकीलाही उत्तर गेलं नव्हतं.

केंडल शेफर्ड नावाच्या ब्रिटिश पशुवैद्यांनी याची एक शिडी मांडली आहे. खालच्या पायरीवर डोळ्यांची उघडझाप, जांभई, नाक चाटणं. त्यावर तोंड फिरवणं, मग अंगच फिरवणं, तिथून निघून जायला बघणं, अंग चोरणं, शेपूट पोटाखाली घेणं. मग ताठ होऊन टक लावून बघणं, गुरगुरणं, हवेत दात मारणं आणि सगळ्यात वर चावा. प्रत्येक कुत्रं प्रत्येक पायरी चढतंच असं नाही, क्रमही अगदी हाच राहील असं नाही. पण या शिडीत मला एक गोष्ट सापडली आणि पुढचं सगळं तिच्याभोवती फिरलं. खालच्या पायरीवरून बोलायचं की वरच्या, हे कुत्रं अनुभवातून शिकतं. तोंड फिरवल्यावर माणूस थांबला, तर तोंड फिरवणं कामाचं. नाही थांबला, पण गुरगुरल्यावर थांबला, तर उद्यापासून सरळ गुरगुरणं. आणि गुरगुरल्यावर टिचकी बसली, तर गुरगुरणंही धोक्याचं. मग खालून वरपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या गळतात आणि उरतो तो फक्त चावा. "काही न सांगता एकदम चावलं हो" असं जेव्हा लोक सांगतात, तेव्हा त्या कुत्र्यानं कधीकाळी सांगून बघितलं असेल का, हे मला विचारावंसं वाटतं.

ज्या कृतीचं फळ चांगलं ती टिकते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकनं १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून मांडलं होतं. म्हणजे तत्त्व जुनंच. पण आपण ते बसायला, पंजा द्यायला शिकवताना वापरतो. कुत्र्याच्या बोलण्यालाही तेच लागू आहे, हे ध्यानात येत नाही.

इथं एक सावधगिरी. एकेक खूण सुटी धरून अर्थ लावायला गेलं की फसगत होते. झोपेतून उठलेलं कुत्रं जांभई देतं ती निव्वळ जांभई. जेवल्यावर नाक चाटतं ते चव लागली म्हणून. नॉर्वेच्या कुत्र्यांच्या प्रशिक्षक तुरीद रुगोस यांनी अशा खुणांकडे जगाचं लक्ष वेधलं हे मोठंच काम, पण पुढे उत्साही मंडळींनी त्यांचा शब्दकोशच करून टाकला. अमुक म्हणजे अमुक. शेपटीचंच बघा. हलते म्हणजे खूश, हे आपण लहानपणी शिकतो. इटलीत बारी विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये ३० कुत्र्यांच्या शेपट्यांचं चित्रण केलं. मालक दिसल्यावर हलण्याचा झुकाव उजवीकडे होता आणि अनोळखी, रुबाबदार कुत्रं समोर आल्यावर डावीकडे. उघड्या डोळ्यांनी हा फरक टिपणं कठीण, मला तरी नेहमी जमत नाही. पण हलणारी शेपटी वर ताठ आहे की कमरेच्या रेषेत सैल आहे, तिच्याबरोबर पाठीचा मागचा भागही हलतोय की नाही, हे कुणालाही दिसू शकतं. मी सगळ्यात आधी तोंड बघते. सैल उघडं तोंड मिटलं की काहीतरी बदललं.

दुसरा गृहपाठ गल्लीतल्या कुत्र्यांचा होता आणि माझ्या मते कोर्समधला तोच सगळ्यात मोलाचा. घरातलं कुत्रं पट्ट्यात, दारात, आपल्या वेळापत्रकात अडकलेलं असतं. मोकाट कुत्र्याला कुठून जायचं, कुणाला टाळायचं, कुठे थांबायचं हे स्वतःचं स्वतः ठरवता येतं. मी सकाळी मंडईच्या मागच्या बाजूला, भाज्यांच्या रिकाम्या क्रेट ठेवतात तिथे, पायरीवर जाऊन बसायचे. हातात चहाचा कागदी कप. पहिल्या दिवशी एक काळा बोका-तोंड्या कुत्रा माझ्याकडे बघून उठून गेला. नंतर नंतर त्यानं मला जमेत धरणं सोडलं.

काय दिसलं? भांडणं फारच कमी. दोन कुत्री समोरासमोर आली की सरळ रेषेत चालत येत नाहीत, अर्धवर्तुळ घेतात. थोडं अंतर उरलं की एकजण जमीन हुंगायला लागतो, जणू तिथं काही महत्त्वाचं सापडलंय. दुसरा मान वळवून भलतीकडेच बघतो. मग दोघं एकमेकांच्या शेपटीकडून हुंगतात, एक बाजूला होतो, अंग झाडतो, आणि दोघं आपापल्या वाटेला. एकदा दूध टाकणाऱ्या मुलाच्या सायकलीमागे एक तरुण कुत्रा सुटला, तेव्हा एक म्हातारी कुत्री नुसती मध्ये येऊन आडवी उभी राहिली. ना भुंकली, ना अंगावर गेली. तो थांबला. हे मी वहीत लिहिलं आणि कितीतरी वेळ त्याच पानावर बसून राहिले.

आयसरच्याच संशोधकांनी २०२० मध्ये भारतातल्या शहरांत मोकाट कुत्र्यांसमोर दोन वाडगी ठेवून एकीकडे बोट दाखवण्याचा प्रयोग केला होता. जवळपास निम्मी कुत्री माणसाला घाबरून पुढेच आली नाहीत. जी आली त्यांतली सुमारे ८० टक्के बोट दाखवलं त्या वाडग्याकडे गेली. कुणी शिकवलेलं नसताना. माणसाचं बोलणं समजून घ्यायची त्यांची बाजू पक्की आहे. उणीव आपल्याकडे आहे.

याच काळात नातेवाइकांच्या आग्रहाखातर एक प्रशिक्षक घरी येऊन गेले. त्यांनी पिशवीतून गळफासाची साखळी काढली. म्हणाले, गुरगुरली की वर खेचायची, एकदा लीडर कोण ते कळलं की आयुष्यभर त्रास नाही. मी चहा दिला आणि साखळी परत पिशवीत ठेवायला सांगितलं. या "लीडर"च्या कल्पनेचा उगम रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या अभ्यासात आहे. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात एका कुंपणात ठेवलेले लांडगे त्यांनी पाहिले होते. तिथं वर्चस्वासाठी झटापटी होत होत्या. लांडग्यांचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मीच यांनी पुढे कॅनडाच्या उत्तरेला एल्स्मिअर बेटावर रानातले लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं, एक कुटुंब. तिथं पुढारी होण्यासाठी कुणाला लढावं लागत नाही. लांडग्यांबद्दलच जे खरं ठरलं नाही ते घरातल्या कुत्र्याच्या गळ्यात अजून का अडकवायचं? तांबीनं गुरगुरणं सोडावं म्हणून तिचा गळा आवळणं ही गोष्ट माझ्या घरात होणार नव्हती.

मग काय केलं ते सांगते. गॅसवाल्यापासून सुरुवात केली, कारण त्याचा आवाज आधी येतो आणि माणूस नंतर. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. खाणं यायच्या आधीच कुत्र्यांना लाळ सुटते हे त्याच्या लक्षात आलं ते त्याच कामात. यातलं मर्म क्रमात आहे. आधी खणखणाट, मग कलेजी. याच्या उलट केलं, म्हणजे डबा उघडून कलेजी दाखवली आणि मग टाकी वाजली, तर डब्याचं झाकण हीच धोक्याची सूचना होऊन बसते. आम्ही टाकीचा आवाज मोबाइलवर घेतला आणि तो अगदी बारीक करून लावायला सुरुवात केली. आवाज, एक क्षण, उकडलेल्या कलेजीचा तुकडा. आवाज थांबला की कलेजीही थांबली.

किती बारीक आवाज? तर तिचे कान वळतील पण तोंड सैल राहील इतका. तिनं तुकडा नाकारला, किंवा बोटांसकट हिसकावून घेतला, तर आपण तिच्या सोसण्यापलीकडे गेलो असं समजून मागे यायचं. आवाज आणि अंतर दोन्ही एकदम बदलायचे नाहीत. मागच्या खोलीतून हॉलमध्ये, हॉलमधून दारापाशी. खरा गॅसवाला यायचा तेव्हा तिला मागच्या खोलीतच ठेवायचो. त्या दादांनीही फार सांभाळून घेतलं. खालूनच हाक द्यायचे, "ताई, आलो बरं का, डबा काढा!" आणि टाकी पायरीवर आपटायची नाही म्हणून खांद्यावरून आणायचे.

सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न: गुरगुरणाऱ्या कुत्रीला खाऊ दिला तर ती आणखी गुरगुरणार नाही का? एक तर ती गुरगुरण्याच्या पातळीवर पोचणारच नाही अशा बेतानं आम्ही काम करत होतो. आणि दुसरं म्हणजे भीती ही काही कमाईसाठी केलेली कृती नाही. अंधाराला भिणाऱ्या पोराला जवळ घेतल्यानं त्याची भीती वाढत नाही. एका संध्याकाळी शेजारच्या जिन्यात टाकी वाजली आणि तांबी दाराकडे न धावता मान वळवून माझ्याकडे बघायला लागली, कान पुढे, तोंड उघडं. आवाजाचा अर्थ बदलला होता.

दिवाळीनं मात्र मागे नेलं. फटाक्यांचे चार दिवस ती न्हाणीघरात पाटाखाली होती, आणि नंतरही साध्या कुकरच्या शिट्टीला दचकायची. ताण एका रात्रीत उतरत नाही, एकावर एक साचत जातो. त्या दिवसांत आम्ही शिकवणं पूर्ण थांबवलं. फिरायला पहाटे, अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यानं, लांब पट्ट्यावर, तिच्या गतीनं. जितकं हुंगायचं तितकं हुंगू दिलं. बाकी झोप.

आता कानाच्या थेंबांबद्दल. हे शिकवायला जेवढं सोपं, परिणामानं तेवढंच मोठं निघालं. जमिनीवर चौघडी केलेला टॉवेल ठेवला. त्यावर तिनं हनुवटी टेकवली की तुकडा. टेकवून ठेवली की आणखी. मग हनुवटी टेकलेली असताना माझा हात कानाकडे थोडा सरकणार. तिनं हनुवटी उचलली की हात तिथंच थांबून मागे. रागावणं नाही, "ये ना गं" म्हणून ओढणं नाही, काही नाही. परत टेकवली की परत सुरुवात. हात, मग कानाला स्पर्श, मग कान वळवून आत बघणं, मग बंद बाटली, मग उघडी बाटली, मग थंड थेंबाऐवजी हातात धरून कोमट केलेला थेंब.

सुरुवातीला ती सारखी हनुवटी उचलायची. खरंच थांबतात का, हे तपासून बघत असावी. जसजसं तिला कळलं की थांबतात, तसतसं उचलणं कमी होत गेलं. नकार चालतो हे समजल्यावर नकाराची गरज उरेना. गळ्याला हात लागताच गुरगुरणारी कुत्री टॉवेलवर हनुवटी ठेवून, डोळे अर्धे मिटून कानात थेंब घालून घेऊ लागली, आणि ते करायला तिला कुणी धरलेलं नव्हतं. डॉक्टरांना मी त्याचं चित्रण दाखवलं तर ते म्हणाले, "टॉवेल इकडेही घेऊन येत जा." आता लस टोचतानाही टॉवेल बरोबर असतो.

जेवणाच्या वेळचं गुरगुरणं सासूबाईंनी सोडवलं. आई खटाव तालुक्यातल्या, माहेरी मळ्यावर कायम दोन-तीन कुत्री. वाडगं उचलून "धाक" दाखवायचा सल्ला ऐकून त्या पहिल्यांदाच चिडल्या होत्या. "कुत्रं खात असताना तिथं जायचंच कशाला? तुझ्या ताटातलं कुणी उचललं तर चालंल का तुला?" तर पहिला नियम तोच: तांबी खात असताना तिच्या वाटेला कुणी जायचं नाही. आणि आठवड्यातून काही वेळा आई लांबून जाता जाता वाडग्याच्या दिशेनं भाकरीचा तुपात बुडवलेला तुकडा टाकायच्या आणि न थांबता पुढे जायच्या. आमच्याकडे नामदेवांची गोष्ट प्रत्येकाला पाठ आहे, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची. आई तुकडा टाकताना "विठ्ठल विठ्ठल" म्हणायच्या. जवळून जाणारं माणूस घेऊन जात नाही, देऊन जातं, हे तांबीला पटायला त्यामुळे वेळ लागला नाही. आता आईंची चाहूल लागली की ती वाडग्यातून डोकं वर काढून शेपटी सैल हलवते.

निरीक्षणातही आई माझ्यापेक्षा तयार झाल्या. त्यांना ना चित्रण लागतं ना वही. टीव्ही बघता बघता म्हणतात, "अगं, तोंड मिटलं बघ तिनं. कोणतरी आलंय." आणि खरंच बेल वाजते.

एकाच गोष्टीवरून आमचा वाद झाला. तांबीनं उशी फाडली आणि आई म्हणाल्या, "बघ कशी चोरावाणी बघते, कळतंय तिला." कान पाडलेले, अंग चोरलेलं, नजर खाली. न्यूयॉर्कच्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर नेमका याचाच प्रयोग केला होता. मालकाची पाठ वळल्यावर काही कुत्र्यांनी नको म्हटलेला खाऊ खाल्ला, काहींनी नाही, आणि मालकांना मात्र कधीकधी खोटंच सांगितलं गेलं. तो "अपराधी" चेहरा कुत्र्यानं काय केलं होतं यावर ठरला नाही, मालक रागावला की नाही यावर ठरला. उलट न खाल्लेल्या कुत्र्याला रागावल्यावर तो जास्त ठळक दिसला. म्हणजे ते समोरच्या माणसाला शांत करणं आहे, शिडीवरच्या मधल्या पायऱ्या. आईंना हे सांगितलं तेव्हा त्या जरा वेळानं म्हणाल्या, "मग ओरडत्या माणसाला ती हात जोडतेय म्हणायची." उशा आता कपाटात असतात आणि तांबीला चघळायला तिचं वेगळं काहीतरी असतं.

मे महिन्यात पोरं आली की आम्ही त्यांना आधी शिकवतो, तांबीला नंतर. कुत्र्याकडे आपण जायचं नाही, ते येऊ द्यायचं. आलं तर डोक्यावरून हात न नेता छातीला किंवा खांद्याला बाजूनं खाजवायचं, तीन आकडे मोजायचे आणि हात काढून घ्यायचा. ती जवळ सरकली तर आणखी तीन. तिनं तोंड फिरवलं, नाक चाटलं, उठली, तर झालं. गळामिठी नाही, झोपलेली असताना हात नाही. नऊ वर्षांच्या पुतण्यानं तर तिच्या "हो" आणि "नको"चा तक्ता काढून फ्रिजवर चिकटवला आहे. गल्लीतल्या अनोळखी कुत्र्यासाठी वेगळा नियम: पळायचं नाही, डोळ्याला डोळा लावायचा नाही, झाडासारखं उभं राहायचं. आणि दात लागला, नुसता ओरखडा उठला तरी, घरी सांगायचं. लपवायचं नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लशीचे सगळे डोस पुरे करायचे. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण वेळेवर धुणं आणि लस यांनी तो टळतो. हळद, चुना, मिरची लावण्यात पहिले तास घालवणारी घरं अजून आहेत, म्हणून मी हे प्रत्येक वेळी पोरांच्या आयांनाही सांगते.

हेल्मेटवाल्यांचं काम अजून अपुरं आहे. हेल्मेट म्हणजे चेहरा नसलेलं डोकं, आणि चेहराच दिसत नसेल तर समोरच्याचं म्हणणं ती वाचणार कुठून? म्हणून एक हेल्मेट हॉलमध्ये जमिनीवर पडलेलं असतं, त्याच्या आसपास तुकडे सांडलेले असतात. ते नवऱ्याच्या हातात चालतं. डोक्यावर चालतं, पण काच वर असेल तर. काच खाली आली की तोंड मिटतं, आणि आम्ही तिथंच थांबतो. येत्या रविवारी पुतण्या काच खाली घेऊन फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभा राहणार आहे. तेवढं अंतर पुरेल असा माझा अंदाज आहे. आईंचं म्हणणं आहे की त्याला आणखी मागे, चिकनच्या दुकानापाशी उभं करावं. तिथूनच सुरुवात करू. कलेजीही तिथंच मिळते.